बाहुलीला छाती का नाही?

मागच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी प्रथमोपचाराचे एक शिबिर झाले. बचत गटातल्या बाया, दोन-तीन आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, मी आणि आमच्या संघटनेच्या चारजणी अशा तीसएक बायका सतरंजीवर बसलो होतो. समोर टेबलावर एक बाहुली होती. बाहुली म्हणजे कमरेपर्यंतचे धड, ना हात ना पाय. हनुवटी वर करता येईल अशी मान, आणि पाटासारखी सपाट छाती. शिकवायला आलेला मुलगा मोठा मनमिळाऊ होता. हृदय अचानक बंद पडले तर काय करायचे ते त्याने नीट समजावले. माणसाला हलवून हाक मारायची, श्वास आहे का पाहायचे, १०८ ला फोन करायला कुणाला तरी सांगायचे आणि छातीच्या मधोमध तळहात टेकवून, कोपर ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबायचे. बायांनी पदर खोचून एकेक करून दाबून पाहिले. रोज पाटा-वरवंटा, कुदळ, हंडा यांच्याशी झटणाऱ्या त्या हातांना पाच सेंटिमीटर म्हणजे काहीच नव्हते.

मग भाजीचा धंदा करणाऱ्या एका मावशींनी विचारले, "भाऊ, हा तर बाप्या दिसतोय. बाईला झालं तर?"

"तेच करायचं, मावशी."

"ते झालं. पण पदर? पोलकं? मंगळसूत्राचं काय करायचं?"

मुलगा जरा लाजला. "अशा वेळी त्याचा विचार करायचा नसतो," म्हणाला आणि पुढच्या बाईला बोलावले.

त्याचा दोष नाही. त्यालाही याच बाहुलीवर शिकवलेले. पण मावशींचा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. अशा वेळी विचार करायचा नसतो हे खरे, पण म्हणूनच तर सराव करायचा असतो ना? भर बाजारात बाई कोसळली तर तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात पहिल्या क्षणी तोच विचार येणार. हात लावू का? लोक काय म्हणतील? तिच्या घरचे काय म्हणतील? त्या विचारात जी दोन मिनिटे जातात, ती तिची असतात. विचार न करता हात पुढे व्हावा म्हणून ज्या सरावाचा घाट घातला, त्या सरावातूनच बाईचे शरीर काढून टाकले आहे.

मी नंतर बरेच वाचले, ओळखीच्या डॉक्टरणींना आणि सिस्टरना विचारले. जे हाती लागले ते या पानांवर मांडते आहे, कारण आपल्यापैकी अनेकजणी दवाखान्यांच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे काम करतात आणि तरी हा विषय आपल्या बैठकांत कधी निघाल्याचे मला आठवत नाही. भूलतज्ज्ञांचे आणि तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण हा आपला विषय आहे असे आपल्याला वाटतच नाही. यंत्रे, नळ्या, बाहुल्या, ते त्यांचे ते पाहतील!

आधी मावशींच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण ते सरळ आहे आणि प्रत्येकीला ठाऊक असायला हवे. दाब द्यायची जागा म्हणजे छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग. स्तन कितीही लहान-मोठे असोत, ही जागा बदलत नाही आणि तिथे तळहात टेकायला स्तन आड येत नाहीत. पोलके काढण्यात वेळ घालवायचा नाही, दाबायला लागायचे. विजेचा झटका देणारे यंत्र आले तर मात्र त्याच्या चिकटपट्ट्या उघड्या त्वचेवरच लावाव्या लागतात. तेव्हा पोलके, ब्रा कापायची किंवा बाजूला सारायची, मंगळसूत्र पट्टीखाली येणार नाही असे सरकवायचे. एक पट्टी उजव्या खांद्याच्या हाडाखाली आणि दुसरी डाव्या काखेच्या खाली, स्तनावर नव्हे तर स्तनाच्या खालून बाजूला. बाई गरोदर असेल आणि पोट बेंबीच्या वर आले असेल तर एकीने दाब द्यायचा आणि दुसरीने दोन्ही हातांनी गर्भाशय बाईच्या डाव्या बाजूला ढकलून धरायचे, नाहीतर त्याच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबते आणि हृदयाकडे रक्त पोचत नाही. सपाट छातीच्या आणि पोटच नसलेल्या बाहुलीवर यातले काय शिकता येणार? तोंडाने श्वास द्यायची किळस किंवा भीती वाटते म्हणून लोक पुढे होत नाहीत, हे आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने ओळखले आणि २०१७ साली सामान्य माणसांसाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत ठरवून दिली. किळसेचा विचार झाला, तसा लाजेचाही व्हायला हवा होता.

आणि हा नुसता आमच्या गावच्या बायांच्या लाजेचा प्रश्न नाही. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात घराबाहेर, सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्यांची पाहणी केली होती. आजूबाजूच्या लोकांनी छाती दाबायला सुरुवात केली असे पुरुषांच्या बाबतीत ४५ टक्के वेळा घडले, बायांच्या बाबतीत ३९ टक्के. ज्या देशात बायका तोकड्या कपड्यांत हिंडतात म्हणून आपल्याकडचे लोक नाके मुरडतात, तिथली ही गोष्ट. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधक स्त्रियांनी जगाच्या बाजारात मिळणाऱ्या अशा वीस बाहुल्या तपासल्या. विसाच्या वीस सपाट छातीच्या. एकीला तेवढे वरून चढवायचे स्तन होते.

गंमत अशी की, या बाहुल्यांची जी आद्य आई, ती बाईच होती. नॉर्वेतल्या स्टावांगर गावी आस्मुंड लेर्डाल नावाचा खेळणी बनवणारा माणूस राहत होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरला पीटर साफर या भूलतज्ज्ञाने तोंडाने श्वास देण्याची पद्धत प्रयोगांनी सिद्ध केली (आज जिला सीपीआर म्हणतात तिच्यात भूलतज्ज्ञांचा हा वाटा मोठा आहे) आणि ती शिकवायला बाहुली हवी होती. लेर्डालचा स्वतःचा लहान मुलगा काही वर्षांपूर्वी पाण्यात बुडता बुडता वाचला होता. त्याने काम मनावर घेतले आणि १९६० साली 'ॲन' ही बाहुली आणली. पुरुष पुरुषाच्या बाहुलीच्या तोंडाला तोंड लावायला कचरतील म्हणून ती बाई केली, असे सांगतात. चेहरा कुणाचा घेतला? तर पॅरिसच्या सीन नदीत एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या एका अनाम मुलीच्या प्रेताचा म्हणून जो साचा युरोपात घरोघर भिंतीवर टांगलेला असे, त्याचा. ती मुलगी कोण, खरेच बुडाली का, तो साचा तिचाच का, हे आजवर कुणाला सांगता आलेले नाही. म्हणजे पाहा, चुंबनासारखे ओठ हवेत म्हणून बाई घेतली, तीही गोड हसणारी, डोळे मिटलेली, नाव-गाव नसलेली. आणि छाती मात्र सपाट ठेवली. जगभरच्या कोट्यवधी लोकांनी तिच्यावर शिकून घेतले आणि त्यातून असंख्य जीव वाचले, हेही तितकेच खरे. मला त्या खेळणीवाल्याबद्दल आदरच आहे. पण तिच्याकडे पाहिले की माझ्या मनात येते, शिकणाऱ्यांना बाई नेहमी अशीच का हवी असते? डोळे मिटलेली, न बोलणारी?

कारण बाहुली येण्याआधीही शिकणे चालूच होते. ते कुणाच्या अंगावर चालत होते?

स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे पुतळे उभे राहिले त्या जे. मॅरियन सिम्सने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. बाळंतपणात मूत्राशयाला भोक पडून सतत लघवी गळत राहण्याचा जो भयंकर आजार, त्यावर तो उपाय शोधत होता. अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही त्यांतल्या तिघींची नावे तेवढी आपल्याला ठाऊक आहेत. अनार्कावर त्याने ३० शस्त्रक्रिया केल्या, भूल न देता. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग होऊन गेला होता, तरीही. या तिघींच्या अंगावर हात बसल्यावर मग त्याने न्यूयॉर्कला जाऊन गोऱ्या बायांसाठी दवाखाना काढला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ च्या एप्रिलमध्ये हलवला गेला, तोही अनेक वर्षे तिथल्या बायका मागे लागल्यावर.

इतके दूर जायलाही नको. माझे पहिले बाळंतपण एका शिकाऊ डॉक्टरांच्या सरकारी दवाखान्यात झाले. टेबलावर असताना पडद्याआडून एकामागून एक पाचजण आले. प्रत्येकाने हातमोजा चढवला, आतून तपासले, मोठ्या डॉक्टरला काहीतरी इंग्रजीत आकडा सांगितला. माझ्याशी कुणी एक शब्द बोलले नाही. तिसऱ्याच्या वेळी मी पाय जवळ घेतले तर मावशीने मांडीवर चापट मारली आणि म्हणाली, "शिकायला नको का पोरांना?" मी त्या वेळी गप्प बसले. कारण मलाही वाटले, शिकायला हवेच ना! फुकट उपचार घेणाऱ्या बाईने एवढे सोसायचे असते, अशी काही न लिहिलेली फी आहे असे मी समजून चालले. खाजगी नर्सिंग होममध्ये पैसे भरणारीच्या पलंगाभोवती पाचजण रांग लावत नाहीत हे मला पुष्कळ उशिरा सुचले.

मी निदान जागी होते. भूल दिलेल्या बाईला तर पाय जवळ घेण्याचीही सोय नसते. ऑपरेशनसाठी बेशुद्ध केलेल्या बायांची, त्यांना न विचारता, निव्वळ विद्यार्थ्यांच्या सरावासाठी आतून तपासणी करण्याची रीत अमेरिकेतल्या शिकाऊ दवाखान्यांत वर्षानुवर्षे चालू होती. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये कायदा करून ती थांबवली, मग एकेक राज्य पुढे आले. सर्व देशातल्या दवाखान्यांना 'अशा तपासणीसाठी लेखी संमती हवीच' असे केंद्र सरकारने बजावले ते थेट १ एप्रिल २०२४ रोजी. आपल्याकडे ऑपरेशनच्या आधी जो कागद पुढे करतात त्यावर विद्यार्थी, सराव, तपासणी यांबद्दल नेमके काय लिहिलेले असते हे तुमच्यापैकी कितीजणींनी वाचले आहे? मी चार वेगवेगळ्या ठिकाणचे कागद गोळा करून वाचले. दोन कागदांवर या बाबतीत अवाक्षर नव्हते. उरलेल्या दोन्हीकडे एक वाक्य होते, इंग्रजीत.

म्हणूनच मी बाहुलीच्या बाजूची आहे. पहिली चूक, पहिला थरथरता हात, पहिली चुकलेली सुई यांच्यासाठी गरीब बाईचे अंग हेच एकमेव ठिकाण असू नये, याचसाठी तर बाहुली आहे. ही कल्पना आधी भूलतज्ज्ञांनी उचलली याचे मला नवल वाटत नाही. भूल देणे म्हणजे माणसाचा श्वास काही काळ आपल्या हातात घेणे. चूक दुरुस्त करायला मिनिटेच मिळतात. १९६७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात 'सिम वन' नावाचा संगणकावर चालणारा कृत्रिम रुग्ण तयार झाला, तो शिकाऊ भूलतज्ज्ञांना श्वासनलिकेत नळी घालायला शिकवण्यासाठीच. त्याची छाती हलत असे, डोळ्यांची उघडझाप होत असे. तो फार महाग म्हणून मागे पडला. पुढे १९८० च्या दशकात स्टॅनफर्डला डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञाने पूर्ण ऑपरेशन थिएटरच उभे करून त्यात संकटाचे प्रसंग घडवून आणायला सुरुवात केली. विमानाचे चालक जसे जमिनीवरच्या खोट्या विमानात अपघात हाताळायला शिकतात, तसे. यामागे एक शोध होता. १९७८ मध्ये बोस्टनच्या जेफ्री कूपर यांच्या गटाने भूल देताना घडलेल्या, टाळता येण्याजोग्या चुका गोळा केल्या, तेव्हा ८२ टक्के ठिकाणी यंत्र नव्हे तर माणूस चुकला होता. माणूस चुकतो तो बहुतेक वेळा माहिती नसते म्हणून नव्हे. घाबरून एकाच गोष्टीत अडकतो म्हणून, आणि ज्याला दिसते तो बोलत नाही म्हणून.

ज्याला म्हणण्यापेक्षा जिला म्हणते. इथे खरी आपली गोष्ट सुरू होते.

२९ मार्च २००५. इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली ही ३७ वर्षांची, दोन मुलांची आई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिचा श्वासमार्ग बंद झाला. नळी जाईना, मुखवट्याने हवा जाईना. अशा वेळी गळ्याला समोरून छेद देऊन वाट करायची असते, हे पुस्तकात स्पष्ट आहे. खोलीत तीन अनुभवी डॉक्टर होते आणि तिघेही नळी घालण्याच्या प्रयत्नात वीस मिनिटांहून अधिक काळ अडकून राहिले. आता नर्सेसचे पाहा. एक नर्स गळ्याला छेद देण्याचे साहित्य घेऊन आली आणि ते आणल्याचे तिने सांगितले. कुणी लक्ष दिले नाही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवायला फोन केला आणि परत आली, तर 'एवढे काय झाले?' अशा नजरेने तिच्याकडे पाहिले गेले. तिने परत फोन करून खाट रद्द केली. तेरा दिवसांनी एलेन मेली. नंतरच्या चौकशीत दोन नर्सेसनी सांगितले की काय करायला हवे हे त्यांना कळत होते, पण ते कसे बोलावे हे कळत नव्हते.

एलेनचा नवरा मार्टिन स्वतः वैमानिक. डॉक्टरांना तुरुंगात घाला असे तो म्हणाला नाही. त्याने विचारले, आमच्याकडे सहवैमानिकाला कप्तानाविरुद्ध बोलायचा सराव करायला लावतात, तुमच्याकडे का नाही? तेव्हापासून तो याच कामात आहे.

ही गोष्ट मी आमच्या जिल्ह्यातल्या एका निवृत्त सिस्टरना सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, आमच्या थिएटरात अशी ट्रॉली मी तीनदा आणून ठेवली असेल. दोनदा सरांनी बघितली."

तिसऱ्या वेळचे मी विचारले नाही.

आपल्या दवाखान्याची उतरंड कशी आहे ते आपण सगळ्या जाणतो. वर सर, मग छोटे डॉक्टर, मग सिस्टर, मग मावशी आणि सर्वांत खाली टेबलावरची बाई. रक्त किती गेले हे आधी दिसते ते चादरी बदलणाऱ्या मावशीला. बाळंतिणीचा चेहरा पांढरा पडला हे आधी दिसते सिस्टरला. 'काहीतरी बिनसलंय, मला कसंतरी होतंय' हे आधी कळते खुद्द बाईला. म्हणजे ज्ञान खालून वर यायला हवे आणि बोलण्याची मुभा मात्र वरून खाली! यात जात आहे, वर्ग आहे, आणि बाई असणे तर आहेच. सिम्युलेशनचे माझ्या दृष्टीने मोल इथे आहे. चांगल्या सरावात सर, सिस्टर, मावशी सगळे एका खोलीत खोटा प्रसंग खेळतात. सिस्टरने मोठ्याने म्हणायचे असते, "सर, ऑक्सिजन चाळीसवर आलाय, गळ्यातून वाट करायची वेळ झाली." आणि सरांनी ते ऐकून, उलट म्हणून दाखवून, उत्तर द्यायचे असते. मग सगळ्यांनी गोल बसून बोलायचे, कुणाला काय दिसले, कोण का गप्प राहिले. आपल्या गटांत जाणीव-जागृतीच्या बैठकी आपण करायचो, त्यापेक्षा हे फार वेगळे आहे का? गप्प राहण्याची सवय ज्यांना लहानपणापासून लावली, त्यांच्या तोंडून शब्द फुटायला सरावच लागतो. नुसते 'बोला' म्हणून भागत नाही.

पण हे होते कुठे? मी ज्या दोन-तीन ठिकाणी बाहुल्या पाहिल्या, तिथे त्या कपाटात होत्या, प्लास्टिकची पिशवीही न काढलेल्या. कुलपाची किल्ली साहेबांकडे, साहेब मीटिंगला. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमाने कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक केली, म्हणून महाविद्यालयांनी खरेदी केली. तपासणीच्या दिवशी बाहुल्या बाहेर येतात. आणि त्या बाहेर आल्या तरी त्यांच्यावर एकटा विद्यार्थी नळी घालायचे तंत्र शिकतो. नर्सिंगची मुलगी तिच्या वर्गात दुसऱ्या बाहुलीवर वेगळे शिकते. दोघे पहिल्यांदा भेटतात ते खऱ्या बाईच्या अंगावर.

आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतील, म्हणतातही, की जिथे कापूस आणि हातमोजे बाहेरून विकत आणावे लागतात तिथे परदेशी बाहुल्यांचे कौतुक कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे, अर्धा. लाखोंची, डोळे मिचकावणारी बाहुली हवीच असे कुणी सांगितले? बाळंतपण शिकवणारी बाहुली एका बाईने कापडाची केली होती, अडीचशे वर्षांपूर्वी. फ्रान्समध्ये मादाम दु कुद्रे नावाची सुईण होती. १७५९ मध्ये तिथल्या राजाने तिला खेडोपाडी जाऊन सुईणपण शिकवण्याचा परवाना दिला. तिने कापड, चामडे, कापूस यांचे बाईचे ओटीपोट शिवले, त्यात बाळ, नाळ, वार, जुळीसुद्धा. ते घेऊन ती जवळजवळ पंचवीस वर्षे गावोगाव हिंडली आणि हजारो खेडवळ बायांना शिकवले, ज्यांतल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांतले एक कापडी यंत्र रूआँ गावच्या संग्रहालयात अजून आहे. त्याचे छायाचित्र पाहून मला आपल्या गोधड्यांची आठवण झाली. तोच टाका, तीच माया.

आणि आजही हे होते. मेक्सिकोत २००९ च्या सुमारास सुरू झालेल्या 'प्रोंटो' या संस्थेने थिएटरमध्ये घालायच्या साध्या पायजम्यात फेरफार करून एक पोशाख केला. नर्स तो घालून टेबलावर झोपते आणि बाळंतीण होते. पुढच्या बाजूने बाहुलीचे बाळ बाहेर येते, पिशवीतून लाल पाणी वाहते. बिहारमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या खऱ्या लेबर रूममध्ये, तिथल्याच नर्सेसना घेऊन, २०१५ ते २०१७ या काळात हा सराव मोठ्या प्रमाणावर झाला. नॉर्वेतल्या त्याच खेळणीवाल्याच्या घराण्याची 'मामानाताली' म्हणून पोटाला बांधायची बाहुलीही आहे. या दोन्हींत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, टेबलावर पडलेली बाई जिवंत आहे. ती ओरडते, घाबरते, "माझ्या बाळाला काय झालं?" असे विचारते, आणि कुणी न सांगता आत हात घातला तर पाय जवळ घेते. एका ओळखीच्या नर्स-प्रशिक्षिकेने सांगितले की, जी नर्स एकदा तो पायजमा घालून उताणी पडली, भोवती सहा डोकी वाकलेली आणि कुणीच आपल्याशी बोलत नाही असे जिने अनुभवले, ती परत कुणाच्या मांडीवर चापट मारत नाही. मी म्हटले, आता एखाद्या सरांना घाला तो पायजमा. त्या हसल्या. पण मी थट्टेने म्हटले नव्हते.

याने खरेच जीव वाचतात का, हे विचारायलाच हवे. या क्षेत्रातले पुष्कळ संशोधन शिकणाऱ्याला आत्मविश्वास किती वाटला इथेच थांबते. डॉक्टरचा आत्मविश्वास वाढला याने बाईला काय मिळाले? पण भक्कम पुरावाही आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एका दवाखान्यात २००० सालापासून सुइणी आणि डॉक्टर यांना एकत्र, त्यांच्याच दवाखान्यात, दरवर्षी सराव करायला लावला. बाळाचे डोके बाहेर येऊन खांदा अडकतो, तेव्हा घाईने ओढल्यामुळे बाळाचा हात कायमचा लुळा पडू शकतो. असा खांदा अडकलेल्या बाळांत इजा होण्याचे प्रमाण सरावापूर्वी ९.३ टक्के होते, सरावानंतर २.३ टक्के झाले. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या आईने लुळ्या हाताचे मूल वाढवले आहे तिला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्या देशात २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. हा आकडा खाली आला त्यात आशा, नर्सेस आणि आपली सर्वांची मेहनत आहे. पण उरलेल्या मृत्यूंत बाळंतपणानंतरचा रक्तस्राव अजून मोठा भाग व्यापून आहे आणि तिथे औषधाइतकाच पहिल्या दहा मिनिटांचा प्रश्न असतो. कोण आधी बोलले, कोण कुठे धावले? २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या अभ्यासात बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली पिशवी लावून, म्हणजे रक्त नजरेने अंदाजण्याऐवजी मोजून, आणि मोजताच ठरलेले सगळे उपचार एकदम करून, गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. मावशीला जे चादरीवर दिसत होते, ते आता पिशवीवर आकड्यात दिसू लागले, एवढाच फरक. आकडा असला की सर ऐकतात.

केंद्र सरकारच्या 'दक्षता' आणि 'लक्ष्य' या कार्यक्रमांच्या कागदांत लेबर रूममधल्या सरावाची आणि बाईला सन्मानाने वागवण्याची भाषा आहे. 'लक्ष्य' तर २०१७ च्या डिसेंबरपासून आहे. म्हणजे आपल्याला नवीन काही मागायचे नाही, कागदावरचे मागायचे आहे. रुग्ण कल्याण समितीत आपल्या मैत्रिणी आहेत. त्यांनी पुढच्या बैठकीत विचारावे, बाहुली कुठल्या कपाटात आहे, किल्ली कुणाकडे आहे, आणि मागच्या तीन महिन्यांत लेबर रूममध्ये सराव कोणत्या तारखेला झाला. त्या सरावात मावशी होत्या का? विद्यार्थी तपासणार असतील तर बाईला मराठीत, ती शुद्धीवर असताना, विचारले जाते का, आणि ती नाही म्हणाली तर ते 'नाही' मानले जाते का?

आमच्यापुरते आम्ही एक काम सुरू केले आहे. त्या शिबिराची बाहुली ज्यांची होती त्यांना आम्ही पत्र लिहिले की पुढच्या वेळी बाईच्या छातीची आणा. उत्तर आले, तशी उपलब्ध नाही. मग गटातल्या शिवणकाम करणाऱ्या दोघींनी जुन्या साडीचे, आत कापूस भरलेले एक जाकीट शिवले, सपाट बाहुलीवर चढवायचे. त्यावर हुकांचे पोलके, पोलक्यावर पदर आणि गळ्यात काळ्या मण्यांची पोत. मावशींनी स्वतः माप दिले. पुढचे शिबिर दिवाळीनंतर आहे आणि आमचा आग्रह आहे की या वेळी रिक्षा स्टँडवरच्या पुरुषांनाही बोलवायचे, आणि पहिला नंबर त्यांचा लावायचा.